तुटकी चाल

आमच्या बाबांची नक्कल करणं सगळ्यात अवघड, कारण ते बोलतच नाहीत. आत्याची दोन मिनिटांत होते: हनुवटी गळ्यात खुपसायची, "मी आपली काही बोलत नाही" म्हणायचं आणि मग अर्धा तास बोलायचं. शेजारच्या काकू तर नुसत्या चपलांच्या आवाजावर निघतात. पण बाबांचं काय काढणार? हो, नाही, बघू, आणि पाणी दे. एवढ्यावर त्यांची त्रेचाळीस वर्षं निघाली. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बाबांची नक्कल शब्दांची नाहीच, शब्दाआधी ते जो श्वास घेतात त्याची आहे. थेट बेंबीपासून, खांदे न हलवता, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून. श्वास एवढा मोठा, की वाटावं आता भाषण होणार. आणि मग नुसतं "बघू."

हा श्वास सॅक्सोफोनचा. बाबा बॅरिटोन वाजवतात, म्हणजे सॅक्सोफोनांच्या घरातला दांडगा थोरला भाऊ. त्याचा आवाज आधी खिडकीच्या काचेला ऐकू येतो, मग आपल्याला. हे झालं रविवारचं. बाकीचे सहा दिवस ते दगड कापतात.

दगड म्हणजे डोंगरातला नव्हे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवतात तो, भुकटी आणि राळ एकत्र दाबून केलेला, हव्या त्या रंगात मिळणारा. बाबांच्या कारखान्यात त्याच्या लाद्या येतात. त्या मापाने कापायच्या, बेसिनसाठी भोक पाडायचं, कडा घासायच्या. कापताना पात्यावर पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ उडत नाही. पण पाणी सोडलं की पेन्सिलची रेघ दिसत नाही. रेघ दिसली नाही की कोपरा चुकतो. आणि कोपरा चुकला की मुकादम दोन्ही हात कमरेवर ठेवून विचारतो, "लादी सासऱ्यानं दिली होती का रे?" म्हणून सगळे पाणी बंद ठेवूनच कापतात. तोंडावर बांधायचं फडकं गळ्यात असतं. संध्याकाळी बाबा घरी येतात तेव्हा भुवया, पापण्या, कानांवरची लव, सगळं पांढरं. आई दार उघडते आणि म्हणते, "या आजोबा." मग त्यांचा शर्ट गॅलरीत नेऊन झटकते, तोंड दुसरीकडे करून.

बाबांच्या शेजारच्या पात्यावर एक उंच माणूस होता, त्याला सगळे शिडी म्हणायचे. मागच्या वर्षी शिडीला खोकला लागला. सगळे म्हणाले, हवा बदललीय. शिडी सुट्टीवर गेला, मग त्याने सुट्टी वाढवली, मग कुणी तारीख विचारेनासं झालं. बाबा मला एकदा त्याच्याकडे घेऊन गेले होते. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, नाकात नळी, पायाशी यंत्र. यंत्र दर चार सेकंदांनी उसासा टाकत होतं. शिडी चार शब्द बोलायचा आणि पाचव्यासाठी यंत्राची वाट बघायचा. तो आवाज मला हुबेहूब काढता येतो. मी काढत नाही.

कारखान्यात वर्षातून एकदा छातीची तपासणी होते. एक माणूस पेटी घेऊन येतो आणि प्रत्येकाला नळीत फुंकायला लावतो. "जोरात जोरात जोरात, अजून, अजून, सोडू नका, संपवा, संपवा… हां." हे तो इतक्या कळवळ्याने म्हणतो की शेवटी त्यालाच दम लागतो. बाबांचा आकडा दर वर्षी सगळ्यांच्या वर. ज्याने आयुष्यभर फुंकलं त्याला नळी काय घाबरवणार? शिडीचं तसं झाल्यावर बाकीचे चौघे मात्र घाबरले. बाबांनी त्यांना जेवणाच्या सुट्टीत शिकवलं: ताठ बसा, पोट सैल सोडा, ओठांची मूठ करा, हवा गळ्यातून नाही, खालून ढकला. चौघांचेही आकडे वाढले. मुकादमाने स्वतः चहा मागवला. त्या दिवशी बाबांनी घरी येऊन ही हकीकत सलग पाच-सहा वाक्यांत सांगितली. आईने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

आता त्यांचा रविवार. चार सॅक्सोफोन, चार माणसं, आणि जागा ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात कापून उघडं केलेलं इंजिन. टेनर वाजवतात ते मास्तर इथेच गाडी शिकवतात. वाजवतानाही त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो. "हळू… आरसा बघा… आता शिरा आत." सोप्रानो दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे. समोरचा माणूस घाबरलेलाच आहे असं धरून त्या बोलतात: "काही नाही हं, थोडंसं टोचेल." आल्टो पोस्टकाकांकडे. त्यांनी तीस वर्षं पत्रं वेगळी केली, आता स्वर वेगळे करतात. हा वरचा, हा मधला, हा त्या गल्लीतला, आणि ह्याला पत्ताच नाही. कागदावर सगळं तेच उतरवून काढतात. चौथे बाबा.

ही चौघं जॅझवाली, पण गाणी सगळी एका रॉक गिटारवाल्याची. तो तरुणपणीच गेला. ह्यांच्या कॉलेजच्या दिवसांत ह्यांनी त्याच्या कॅसेटी झिजवल्या. त्याला ते मालक म्हणतात. "मालकांनी इथे तार ओढलीय, आपण काय ओढणार, कान?" असल्या वादांत एकेक रविवार जातो. अडचण एकच आहे, पण मोठी. गिटारला श्वास लागत नाही. वीज असेपर्यंत तार किंचाळत राहते. माणूस तसा राहत नाही. म्हणून त्यांच्यात चोरी चालते. लांबलचक स्वर चौघांनी मिळून धरायचा, एकाने हळूच थांबून श्वास घ्यायचा, तेवढ्यात बाकीच्यांनी ती जागा भरायची. ह्याला ते चोरी म्हणतात, आणि कुणी कुठे चोरी करायची ते पोस्टकाका कागदावर स्वल्पविरामाने दाखवतात. "तुम्ही माझ्या चोरीत चोरी केलीत हं," असं डॉक्टरीणबाई मास्तरांना इतक्या गोड सांगतात की मास्तर तोंड मिटून घेतात.

बाबांच्या कागदावर मात्र एकही स्वल्पविराम नव्हता. सगळ्यांत खालचा स्वर एकट्याचा, तो सुटला तर भरायला कोणी नाही. म्हणून बाबा गालात साठवलेल्या हवेवर वाजवत राहायचे आणि तेवढ्यात नाकाने नवी हवा घ्यायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस श्वास घेतच नाही. "ह्याची जोडणी थेट खांबावरून आहे," मास्तर म्हणायचे. बाबांच्या तोंडावर त्या वेळी जे दिसायचं ते मला कधीच काढता आलं नाही.

सात महिन्यांपूर्वी ते मालकांचं सगळ्यांत मोठं गाणं बसवत होते. त्याच्या तळाशी पंधरा स्वरांची एक चाल आहे, एकाला एक चिकटलेली, गाणं संपेपर्यंत तीच फिरत राहते. तो भाग अर्थातच बाबांचा. त्या रविवारी ती मध्येच तुटली. सात स्वर वाजले, थांबले. पाच वाजले, थांबले. तीन वाजले. मग पुन्हा पहिल्यापासून.

मास्तरांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला. "हे काय केलंस?"

बाबांनी उत्तरासाठी श्वास घ्यायला सुरुवात केली. त्यांचा श्वास म्हणजे वेळखाऊ काम. तेवढ्यात पोस्टकाकांनी हात वर केला.

"थांबा, त्याला विचारू नका. सांगायला गेला की बिघडेल. वाजव रे, तसंच वाजव."

बाबांनी तसंच वाजवलं. सात, पाच, तीन.

"लंगडतंय," मास्तर म्हणाले, "पण काय लंगडतंय."

"मालक सरळ रस्त्याने गेले, हे दबकत चाललेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या कुठल्याही वाद्यवृंदात त्यांनी बाबांना आधी पाणी दिलं असतं. पण जॅझवाल्यांचं असं असतं, की कागदावर नसलेलं कुणी वाजवलं तर त्याला काय झालं असं कोणी विचारत नाही. ते कागदावर घेतात. पोस्टकाकांनी त्याच दिवशी बाबांच्या कोऱ्या ओळीत तीन स्वल्पविराम काढले आणि वर नाव दिलं, तुटकी चाल. पुढचे दोन महिने बाकीच्या तिघांचे भाग त्या तुटीभोवती बसवण्यात गेले. बाबा काय म्हणाले? बघू म्हणाले.

त्यांनी ते फोनवर टिपून शहरातल्या मोठ्या सभागृहाच्या वार्षिक मैफलीसाठी पाठवलं. निवड झाली. आलेल्या पत्रात लिहिलं होतं, "विशेषतः तळाच्या स्वरांतली तुटक योजना अस्वस्थ करणारी आहे." पोस्टकाकांनी ते वाक्य तीनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा उभं राहून.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. एका संध्याकाळी दार उघडं ठेवून मी अभ्यास करत होते, म्हणजे पुस्तक उघडं होतं. खालून बाबांचे बूट यायला लागले. सात पायऱ्या. थांबले. पाच पायऱ्या. थांबले. तीन. आणि जरा वेळाने, पुन्हा सात.

मला आधी झाला तो आनंदच, खोटं कशाला बोलू. बाबांची पाय, बूट, श्वास सगळ्यासकट आख्खी नक्कल हाताशी आली होती. मी खोलीचं दार लावून सराव केला. श्वास आत घेताना तो मध्येच कशाला तरी अडतो आणि शेवटी बारीक शीळ वाजते, ती जागा फार कठीण होती. तिसऱ्या फेरीला माझंच डोकं गरगरलं आणि मी पलंगावर बसले. तेव्हा मला कळलं होतं का? अर्धं कळलं होतं. ते अर्धं मी बाजूला ठेवलं, कारण नक्कल फार सुरेख जमली होती.

मैफलीला पंधरा दिवस राहिले तेव्हाचा रविवार. चहाच्या वेळी मास्तर म्हणाले, "चला, आता आमचं जरा वाटोळं करा." मी गेले की हे ठरलेलं. मी मास्तरांपासून सुरुवात केली, पाय ब्रेकवर ठेवून. मग डॉक्टरीणबाई. मग पोस्टकाका, पत्ता नसलेला स्वर चष्म्यावरून बघताना. सगळे हसत होते, बाबासुद्धा, खांदे न हलवता.

"आणि ह्याची?" मास्तरांनी बाबांकडे बोट केलं. "ह्याची येत नसणार."

"येते की," मी म्हणाले.

फळ्याजवळच्या लाकडी चौथऱ्यावर मी चढले. सॅक्सोफोनची पेटी हातात असल्यासारखा एक खांदा खाली सोडला. सात पावलं वाजवली. थांबले, कठडा धरला, श्वास घेतला, शीळ काढली. पाच. थांबले. तीन.

दुसऱ्या फेरीत मास्तर हसत हसत म्हणाले, "अरे, ही तर आपली चाल." पोस्टकाकांचं बोट केव्हाच टेबलावर ताल धरत होतं. ते बोट थांबलं. त्यांनी समोरचा कागद उचलला, त्यावरचे आपलेच स्वल्पविराम बघितले, आणि कागद पालथा ठेवला.

"गाण्यातली करतेयस ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. घरच्या जिन्यातली."

 मी उतरायला लागले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांब. पाय नको. नुसता श्वास दाखव." त्या हे गोड बोलल्या नव्हत्या. मी दाखवला. शिळेपाशी त्यांनी बाबांकडे बघितलं.

"किती महिने?"

"अहो, पोरगी नकला करते," बाबा म्हणाले.

"ती खोटी नक्कल कधी करत नाही. मी तिच्या तोंडून माझा दवाखाना ऐकलाय. किती महिने?"

"दर वर्षी तपासणी होते माझी. आकडा सगळ्यांत वर असतो."

"फुंकून?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही फुंकून आकडा आणणारच. धुळीचं दुखणं पहिली काही वर्षं त्यात दिसतसुद्धा नाही. छातीचा फोटो काढलाय कधी?"

"मैफल होऊ दे, मग बघू."

मास्तर उठले. "एक काम कर. जुनी चाल वाजव. सलग. मालकांची. झालं, मग कुणी काही बोलणार नाही." मला वाटतं त्यांना मनापासून ते ऐकायचं होतं. बाबांनाही वाजवायचं होतं. त्यांनी पट्टा गळ्यात घातला, सॅक्सोफोनच्या तोंडावरची वेताची पट्टी ओठांनी ओली केली, तो बेंबीपासूनचा श्वास घेतला. पहिली फेरी निघाली, पंधराच्या पंधरा. दुसऱ्या फेरीत गाल फुगले, नाकाने हवा घ्यायची वेळ आली, आणि आत काही गेलं नाही. अकराव्या स्वरावर नुसती हवा आली, स्वर नाही. बाबा वाजवत राहिले. बोटं बरोबर चालत होती, बटणांची टकटक बरोबर येत होती. मग खोकला आला. तो थांबेपर्यंत मास्तरांनी त्यांच्या गळ्यातला पट्टा सोडवून सॅक्सोफोन स्वतःकडे घेतला होता, तान्हं मूल घ्यावं तसा.

"सात महिने," पोस्टकाका म्हणाले. "सात महिने मी ह्याचा दमा लिहून काढतोय."

"दमा नाहीये तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग बाबांना: "उद्या फोटो काढायचा. नाही काढलात तर मी स्टेजवर येत नाही. मग तुमच्या तिघांची काय मैफल करायची ती करा."

"आणि फोटोत निघालं काही तर?" बाबांनी विचारलं. "मला कापण्यावरून काढतील. आणि हेही जाईल. दोन्ही गेल्यावर मी करू काय?"

 डॉक्टरीणबाईंनी आपला थंड झालेला चहा बेसिनमध्ये ओतला.

घरी चालत आलो. पेटी मी घेतली होती, बाबांनी घेऊ दिली, ह्याचीच मला भीती वाटली. दोन चौक मागे पडले. मग म्हणाले, "तुला ऐकू येतं, ते ठीक. ऐकू आलेलं सगळं काढायचं नसतं."

"मग आईला सांगायचं होतं का मी?"

"मला सांगायचंस."

"तुम्ही बघू म्हणाला असता."

पुढे एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसले. थकले म्हणून बसले असं दाखवायचं नव्हतं, म्हणून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. दुसऱ्या बुटाची नाडी हातात धरून तसेच थांबले.

"त्या चौघांना मीच शिकवलं," ते म्हणाले. "आकडे वाढले त्यांचे."

मी पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"एकजण शिडीच्याच जागेवर उभा राहतो आता. तोही खोकतो. मी त्याला सांगितलं, तू नीट फुंकत नाहीस."

रात्री त्यांनी आईला सांगितलं. मला शब्द ऐकू आले नाहीत, फक्त आईचं "कधीपासून" तीन-चारदा ऐकू आलं, दर वेळी खाली जाणारं. सकाळी बाबांनी कारखान्यात फोन केला. मुकादमाला म्हणाले, आज येत नाही, फोटो काढायचाय. मग एक मोठा श्वास, आणि म्हणाले, "त्या चौघांनाही पाठवा. फुंकणीवर जाऊ नका. मी लबाडी शिकवलीय त्यांना." पलीकडून मुकादम बराच वेळ बोलत होता. बाबांनी फोन कानापासून लांब धरला आणि तो संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहिले.

इस्पितळात फोटोच्या खोलीबाहेर बाक होता आणि बाकावर नऊ माणसं. आत फोटो काढणारा एकच तरुण होता. दार अर्धवट उघडं असल्याने मला सगळं ऐकू येत होतं. प्रत्येकाला तेच. "शर्ट काढा. छाती चिकटवा. हनुवटी वर. श्वास घ्या, धरा, हलू नका. झालं. बाहेर थांबा. पुढचे." एका सुरात, एका दमात, मध्ये स्वल्पविराम नाही. नवव्या माणसापर्यंत माझं पाठ झालं होतं आणि मी ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होते. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला.

बाबा आत गेले.

"शर्ट काढा. छाती चिकटवा. हनुवटी वर. श्वास घ्या, धरा, हलू नका. झालं."

मी ओठांनी "बाहेर थांबा" म्हणून टाकलं. आतून ते आलं नाही. यंत्राचा आवाज बंद झाला होता. खुर्ची सरकली. मग तो तरुण दुसऱ्याच आवाजात बोलला, हळू, प्रत्येक शब्द खाली ठेवत.

"दादा, इथंच जरा बसता का? शर्ट घाला सावकाश. मी मोठ्या डॉक्टरांना बोलावतो."

"हललो का मी?" बाबांनी विचारलं. "परत काढायचा असेल तर काढा. मी अजून जास्त वेळ धरू शकतो."

"नाही दादा," तो म्हणाला. "छान धरलात."

आई उठून दाराशी गेली.